पुणे परिसरातील खडक आणि खनिजांचा संग्रह कसा करावा

पुणे शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख एकाच जातीच्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, वसलेला आहे. त्यामुळे इथे संग्रह सुरू करणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो की, जिकडे पाहावे तिकडे तोच काळा दगड आहे, तर जमवायचे काय? हा काळा दगड एकसारखा वाटतो तो लांबून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले दख्खनचे लाव्हाथर त्यातून तयार झाले. या प्रत्येक थराला माथा, गाभा आणि तळ असतो, दोन थरांमध्ये कधीकधी विश्रांतीचा मोठा काळ गेलेला असतो, आणि पुढे त्या खडकातून झिरपलेल्या पाण्याने पोकळ्यांमध्ये नवी खनिजे घडवलेली असतात. या सगळ्याचा पुरावा हातात मावेल एवढ्या तुकड्यांतून गोळा करता येतो. माझे मत असे आहे की, नवशिक्याने चकाकणाऱ्या स्फटिकांच्या मागे लागण्याआधी एका लाव्हाथराचे साधे, काळे-करडे नमुने खालून वर क्रमाने जमवावेत. भूगोल आणि भूविज्ञान त्यांतून जितके शिकता येते तितके नुसत्या सुंदर स्फटिकांतून शिकता येत नाही.

आधी थर ओळखावा

लाव्हा वाहत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो. वरचा पृष्ठभाग लवकर थंड होत असल्याने बुडबुडे तिथेच अडकतात, आणि थराचा माथा छिद्रांनी भरलेला राहतो. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट, जड आणि बहुधा उभ्या भेगांनी फुटलेला असतो. तळाशी अनेकदा नळीच्या आकाराच्या, उभ्या किंवा किंचित कललेल्या पोकळ्या दिसतात. त्या एकाच बाजूला कललेल्या असतील, तर लाव्हा कोणत्या दिशेने सरकत होता याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. विहिरी खणणाऱ्या लोकांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेल्या तुलनेने मऊ खडकाला ते मांजऱ्या म्हणतात, घट्ट खडकाला काळा पाषाण म्हणतात, आणि झिजून सुटा झालेला खडक म्हणजे मुरूम हे तर प्रत्येक पुणेकराला माहीत आहे. आपल्या वहीत हेच शब्द वापरावेत, म्हणजे शेतकऱ्याशी किंवा खाणीवरच्या कामगाराशी बोलताना अडत नाही आणि त्यांच्याकडून मिळणारी माहितीही नेमकी असते.

पुण्याच्या आसपास काही ठिकाणी लाव्हाचा थर एकसंध नसून लहान-मोठ्या फुगवट्यांचा बनलेला दिसतो. एक फुगवटा फुटून पुढे दुसरा, त्यावर तिसरा, अशी ती रचना असते आणि प्रत्येक फुगवट्याला स्वतःची लालसर, बारीक कणांची साल असते. अशा ठिकाणी एका कापात डझनभर छोटे माथे आणि तळ दिसतात. ते सगळे वेगवेगळ्या उद्रेकांचे समजू नयेत. उद्रेकांमधला खरा खंड ओळखायचा असेल, तर दोन थरांच्या मधला विटकरी रंगाचा मातकट पट्टा शोधावा. विहिरीच्या कामात त्याला गेरू म्हणतात. खालच्या थराचा माथा दीर्घकाळ उघडा राहून कुजला, त्यावर धूळ आणि राख साचली, आणि पुढच्या लाव्हाने ते सारे भाजून काढले, असा त्याचा साधारण इतिहास आहे. घाटरस्त्यांच्या कापांमध्ये असे पट्टे लांबूनही उठून दिसतात. पट्ट्याच्या वरचा खडक, पट्टा आणि खालचा खडक असे तीन नमुने एकत्र ठेवले, तर एका उद्रेकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात पेटीत शेजारी शेजारी बसते.

कुठे जावे आणि कुठून उचलू नये

हा भाग नीट वाचावा, कारण संग्रहाच्या नादात कायदा मोडणे फार सोपे आहे. वेताळ टेकडीसह शहरातील टेकड्यांचा बराचसा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातील दगड आणि खनिजे हीसुद्धा वनोपज ठरतात, त्यामुळे तिथून ती परवानगीवाचून काढता येत नाहीत. सिंहगड, पुरंदर, कार्ले, भाजे, पाताळेश्वर अशा वारसास्थळी हातोडा पिशवीतून बाहेर काढण्याचा विचारही करू नये. तिथे पाहावे, मोजावे, छायाचित्र घ्यावे आणि वहीत आकृती काढावी. एकही दगड न उचलता सिंहगड पायवाटेने चढून उतरले, तरी थरांची जितकी ओळख होते तितकी एखाद्या पेटीभर नमुन्यांनी होणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि गड १,३०० मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत आपण शेकडो मीटर जाडीचा लाव्हा ओलांडतो. चढाचा कडा आणि त्यानंतर येणारी सपाटी यांचा क्रम लक्षात ठेवावा, कारण घट्ट गाभा बहुधा कड्याच्या रूपाने उभा राहतो आणि मऊ माथा झिजून सपाटी होते.

प्रत्यक्ष नमुने मात्र अशा जागांवरून घ्यावेत जिथे दगड आधीच निघालेला आहे आणि मालक होकार देतो. नव्या विहिरीचा उपसलेला ढीग ही माझ्या मते सर्वोत्तम जागा आहे, कारण शेतकऱ्याला कोणता दगड किती खोलीवरून आला हे ठाऊक असते. त्यानंतर इमारतींच्या पायांचे खोदकाम, आणि मग चालू खाणी. खाणीत मुकादमाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नये, सुरुंगाच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि उभ्या कापाच्या खाली क्षणभरही थांबू नये. नदीपात्रातील गोटे गोळा करण्यात एक अडचण अशी आहे की ते कुठून वाहत आले हे सांगता येत नाही. तरीही सरावासाठी ते उत्तम, कारण पाण्याने घासल्यामुळे त्यांतील गारगोटी (क्वार्ट्झ) आणि तिचाच अतिशय बारीक कणांचा प्रकार असलेली कॅल्सेडनी चटकन दिसतात. गोटे उलटताना हात न वापरता काठी वापरावी. आपल्याकडच्या खडकाळ माळावर दगडाखाली फुरसे असण्याची शक्यता नेहमीच असते.

शहरातल्या राडारोड्यात सापडणारे दगड मात्र संग्रहात घेऊ नयेत. पुण्याच्या जुन्या घरांतून निघालेली शहाबादी फरशी हा कर्नाटकातून आलेला चुनखडक आहे, संगमरवर आणि कोटा फरशी राजस्थानची आहे, आणि ओट्यावरचा ग्रॅनाइटही परगावचाच आहे. पुण्याच्या पृष्ठभागावर ग्रॅनाइट कुठेच उघडा पडलेला नाही. तो खाली किती खोल असू शकतो याची कल्पना कोयनेच्या संशोधनातून येते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे प्रसिद्ध झालेल्या त्या परिसरात वैज्ञानिकांनी खोल विंधन छिद्रे घेतली, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला.

पुणे जिल्ह्यात थोडे दूर जाण्याची तयारी असेल, तर मंचर-जुन्नर परिसरातील मोठ्या स्फटिकांचा बेसाल्ट अवश्य पाहावा. त्यात फेल्डस्पार या खनिजाचे फिकट, लांबट स्फटिक काही सेंटिमीटर लांबीचे असतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर ते विखुरलेले दिसतात. लाव्हा बाहेर पडण्याआधी जमिनीखाली बराच काळ साचून राहिला आणि तिथे हे स्फटिक वाढले, हे त्यांच्या आकारावरूनच कळते. कुकडी नदीवर निघोजजवळचे रांजणखळगे हे बेसाल्टवर पाण्याने आणि त्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी काय घडवले ते पाहण्याचे ठिकाण आहे. त्याच नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखी राखेचा थर आहे, पण ती राख दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी तरुण आहे आणि तिच्यासोबत अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळालेली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यासलेली ती जागा पुरातत्त्वाची आहे. तिथून काहीही उचलणे म्हणजे पुरावा कायमचा नष्ट करणे होय.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ फिरण्यासाठी सर्वांत सोयीचा, कारण पावसाने कापांवरची धूळ धुऊन निघालेली असते आणि गवतही हळूहळू वाळू लागते. भर पावसाळ्यात घाटातील उतारांखाली काम करू नये. २०१४ मध्ये माळीण गाव दरडीखाली गेले ते याच जिल्ह्यात.

नमुना काढणे

साधने थोडी लागतात. एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला टोकदार तोंड असलेला भूवैज्ञानिक हातोडा, एक छन्नी, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, जाड हातमोजे, जुनी वर्तमानपत्रे, वही आणि पेन्सिल एवढे पुरे आहे. चष्म्याच्या बाबतीत तडजोड करू नये, कारण घट्ट बेसाल्टच्या कपच्या धारदार असतात आणि फार वेगाने उडतात. एका हातोड्यावर दुसरा हातोडा मारू नये, कारण कडक पोलादाचे तुकडे उडतात.

नमुना मुठीएवढा असावा आणि त्याची निदान एक बाजू ताजी फोडलेली असावी. उघड्या हवेत राहिलेला बेसाल्ट तपकिरी होतो, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो आणि त्याचे खरे रूप लपते. ताज्या बाजूवर पाण्याचे बोट फिरवून, ऊन पाठीमागून येईल असे उभे राहून भिंगातून पाहावे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावे आणि दगड पुढेमागे सरकवून स्पष्ट करून घ्यावा. गडद राखाडी पार्श्वभूमीवर बारीक, लांबट, मध्येच चमकून जाणाऱ्या पट्ट्या दिसतात, तो फेल्डस्पार. त्यांच्या मधल्या जागेत गडद हिरवट-काळे, ठेंगणे कण दिसतात, तो पायरॉक्सीन. पोकळी असेल, तर तिच्या कडेला बहुधा हिरवट रंगाचे पातळ अस्तर असते, त्याच्या आत पांढरे किंवा रंगहीन खनिज असते, आणि क्वचित मधोमध रिकामी जागा शिल्लक असते. भिंतीलगतचे खनिज आधी जमले आणि आतले नंतर, हा क्रम तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्यावा, कारण घरी आल्यावर दगड कितीही वेळा पाहिला तरी तो कोणत्या बाजूने वर होता हे आठवत नाही. यासाठी दगड काढण्यापूर्वीच त्यावर खडूने वरच्या दिशेचा बाण काढण्याची सवय लावून घ्यावी.

पोकळ्यांतील खनिजे

पुणे परिसराचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे ते या पोकळ्यांमुळे. बोरघाटातून रेल्वेमार्ग नेताना, म्हणजे १८६३ मध्ये तो पूर्ण होण्याच्या सुमारास, कापांतून निघालेली झिओलाइटे, म्हणजे घडणीतच पाणी असलेली सिलिकेट खनिजे, युरोपातील संग्रहालयांत जाऊन पोहोचली. पाषाणच्या खाणींतील हिरवे अपोफिलाइट प्रसिद्ध झाले. पुढे वाघोलीच्या खाणींतून गडद निळे कॅव्हन्साइट मिळू लागले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात ओळखले गेले, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच मानले जातात.

ओळखीची सुरुवात चार-पाच खनिजांपासून करावी. स्टिल्बाइट पांढरे किंवा फिकट गुलाबी-केशरी असते आणि त्याचे स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीप्रमाणे दोन्ही टोकांना पसरतात. ह्यूलँडाइट त्याच्याच सोबत मिळते, पण त्याचे स्फटिक रुंद, चपटे असतात आणि त्यांच्या सपाट बाजूवर मोत्यासारखी चकाकी असते. स्कोलेसाइट म्हणजे रंगहीन किंवा पांढऱ्या सुयांचा झुबका. अपोफिलाइट झिओलाइटांसोबत सापडत असले, तरी ते झिओलाइट नाही. त्याचे स्फटिक चौकोनी असतात, उभ्या बाजूंवर बारीक रेघा असतात, टोकाला बहुधा चार बाजूंचा निमुळता मनोरा असतो आणि ते आडवे अगदी सपाट फुटते. कॅल्साइट कसेही फोडले, तरी तिरप्या बाजूंच्या चौकोनी ठोकळ्यांत फुटते. गारगोटीला असे पाटन, म्हणजे ठरावीक सपाट बाजूंनी फुटण्याचा गुण, नसते, ती काचेप्रमाणे वक्र पृष्ठभाग ठेवून फुटते.

स्फटिक पोकळीतून उपटून काढू नयेत. आजूबाजूचा खडक ठेवून, मागच्या बाजूने हळूहळू घाव घालत तुकडा मोकळा करावा. खडकापासून सुटलेला स्फटिक शोभेचा राहतो, पण तो कोणत्या प्रकारच्या थरात, कोणत्या खनिजानंतर वाढला हे सांगणारा पुरावा मागेच राहतो. विकत घेतलेल्या नमुन्यांबाबत याच कारणाने मी साशंक असतो. शिवाय कॅव्हन्साइटचे गोळे दुसऱ्या दगडावर चिकटवून विकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून सांध्यावर भिंग धरून डिंकाची चकाकी आहे का ते तपासावे. विकतचे नमुने वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. ज्यांना उत्तम नमुने नुसते पाहायचे आहेत, त्यांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दिवस द्यावा.

घरच्या घरी तपासणी

काठिण्य तपासण्यासाठी १८१२ मध्ये फ्रीडरिश मोस यांनी मांडलेली १ ते १० ची श्रेणी आजही पुरते; तिच्यात मोठ्या आकड्याचा पदार्थ लहान आकड्याच्या पदार्थावर ओरखडा काढतो. नखाचे काठिण्य सुमारे अडीच, चाकूच्या पोलादाचे आणि काचेचे सुमारे साडेपाच. कॅल्साइट तीन, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते चार, अपोफिलाइट साडेचार ते पाच, स्कोलेसाइट पाच ते साडेपाच, गारगोटी सात. म्हणजे पांढऱ्या खनिजाने काचेवर सहज ओरखडा उठला, तर ती गारगोटी किंवा कॅल्सेडनी असण्याचा संभव मोठा आहे. कॅल्साइटच्या शंकेसाठी सुट्या कपचीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब टाकून भिंगातून बुडबुडे पाहावेत. चांगल्या नमुन्यावर हा प्रयोग करू नये.

घनता मोजणे हा त्याहून खात्रीचा आणि मुलांना फार आवडणारा प्रयोग आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दगड कोरडा तोलावा. नंतर पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि दगड दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकता, पूर्ण बुडेल असा धरावा. काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान असते. कोरडे वजन २९० ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा १०० आला, तर घनता २.९, आणि घट्ट बेसाल्टसाठी ती अगदी योग्य आहे. कॅल्साइट २.७ च्या, गारगोटी २.६५ च्या, तर बहुतेक झिओलाइटे २.१ ते २.३ च्या आसपास असतात. पोकळ्या असलेल्या खडकाची घनता कमी येते. ती नोंदवून ठेवावी, कारण एकाच थराच्या तळापासून माथ्यापर्यंतचे नमुने असे मोजले की थराची रचना आकड्यांतही दिसते. कॅल्साइट आणि गारगोटी मात्र घनतेवरून वेगळी काढू नयेत, घरच्या काट्याला तेवढा बारीक फरक पेलत नाही.

स्वच्छ करताना साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. झिओलाइटांच्या घडणीतच पाणी असते, म्हणून ती उकळत्या पाण्यात किंवा उन्हात तापवू नयेत. आम्लामुळे त्यांपैकी अनेकांचा पृष्ठभाग खराब होतो. केसांसारख्या बारीक सुयांच्या नमुन्यांना ब्रश लावू नये, दाबल्यावर हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवावी. लॉमाँटाइट हे झिओलाइट कोरड्या हवेत आपोआप पिठूळ होते, ते बंद डबीत ठेवावे.

नोंद आणि मांडणी

नमुन्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन, तो वाळल्यावर शाईने क्रमांक घालावा. चिठ्ठी दगडापासून वेगळी झाली तरी क्रमांक राहतो. वहीतील नोंद साधारण अशी असावी: “क्रमांक १७. सासवड रस्त्यालगतच्या शेतातील नवी विहीर, मालकाच्या परवानगीने. उपशाच्या ढिगातून, शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार सुमारे ९ मीटर खोलीवरून. मांजऱ्या. पोकळ्या वाटाण्याएवढ्या, हिरवे अस्तर, त्यावर पांढऱ्या सुया, मध्ये रिकामे. वरची दिशा अज्ञात.” या नोंदीत खडक जागेवरच होता की सुटा मिळाला, आणि माहिती स्वतः पाहिलेली की सांगोवांगीची, हे दोन्ही स्पष्ट आहे. अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घ्यावेत. उंची मात्र मोबाइलवर पुष्कळदा चुकते, म्हणून ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्चरेषांशी ताडून पाहावी. पुण्याचे नकाशे ४७ एफ या गटात, १४ आणि १५ क्रमांकांचे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूशास्त्रीय नकाशे भूकोश या संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

नमुने पन्नासेक झाले की ते खनिजांच्या नावांनुसार लावण्याचा मोह होतो. ते ठिकाणांनुसार आणि उंचीच्या क्रमाने लावावेत. आलेख कागदावर उभ्या अक्षावर उंची घेऊन प्रत्येक ठिकाणासाठी एक उभी पट्टी काढावी, तिच्यावर घट्ट खडक, पोकळ्यांचा खडक आणि गेरूचे पट्टे वेगवेगळ्या रंगांनी दाखवावेत आणि नमुन्यांचे क्रमांक त्या त्या उंचीवर लिहावेत. सिंहगडाची, कात्रज घाटाची आणि दिवे घाटाची पट्टी शेजारी शेजारी ठेवली, की या भागातील थर जवळजवळ आडवे असल्याने एखादा गेरूचा पट्टा दोन ठिकाणी सारख्याच उंचीवर येतो का, हे तपासता येते. उंची जुळली म्हणून पट्टा तोच, असे लगेच धरू नये. त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांतील फेल्डस्पारचे स्फटिक, पोकळ्यांचे आकार आणि थराची जाडी हेही जुळले पाहिजे, आणि ते पडताळण्यासाठी पुढच्या फेरीत नेमक्या त्या दोन उंचींवरच पुन्हा जावे लागते.